चंपाषष्ठीची भरती

सुलतानपुरात समुद्र नाही. लोणारच्या आसपास कुठंच नाही. सगळ्यात जवळचा समुद्र एस्टीनं गाठायचा म्हटला तर वाटेत दोनदा गाडी बदलावी लागते आणि घाटात एकदा कुलदैवताचं नाव घ्यावं लागतं. तरीही त्या गावात तीस वर्षं रोज संध्याकाळी भरती यायची. ती यायची पुंजाजीच्या हॉटेलात, आणि आणायचे रंगराव.

रंगराव जवानीत बापाशी भांडून मुंबईला पळाले होते. तिथं एका शेटच्या शिडाच्या होडीवर त्यांना काम लागलं. यॉट म्हणतात तिला. मासे धरायची नव्हे, नुसती हौसेनं फिरायची. काम स्वयंपाक्याचं. पण मुंबई ते सुलतानपूर हा प्रवास लांबचा, वाटेत माणसाची बढती व्हायचीच. गावात उतरेपर्यंत रंगराव सुकाणूवाले झाले होते.

"कोकनाच्या अंगाले एक टोक हाये," ते बशीत चहा ओतत सुरू करायचे, "म्हसोबाचं नाक म्हन्तात त्याले. डोंगर असा समुद्रात घुसेल. इकून भरतीचं पानी, तिकून ओहोटीचं, अन् टोकापाशी दोघायची कुस्ती! मधात नाव सापडली का खलास. मंग जाचं कवा? तांडेलानं, म्हंजे नावेच्या मुखियानं, मले इचारलं, 'रंगराव, आज तिथी कोनती?' म्या म्हनलं, अष्टमी. 'कर पाऊणपट.' आठ पाऊने सहा! म्हंजे सहा वाजता भरती पुरी. भरती सरली अन् ओहोटी लागली नाही, मधात पानाले चुना लावेपरेंत पानी थिजते. तेवढ्यात नाक वलांडाचं. म्या सुकानू धरलं, अन्..."

त्या 'अन्' नंतर दर वर्षी डोंगर हातभर वाढायचा.

लोक विश्वास ठेवायचे, त्याचं कारण ती पाऊणपट. हॉटेलातल्या प्रत्येक पिकल्या मिशीनं लहानपणी पंतोजीच्या छडीखाली पाऊणकीचा पाढा घोकलेला होता. तीन पाऊणे सव्वादोन म्हणताना ज्याचा तळहात सुजला, तो माणूस जन्मभर हेच धरून चालतो की ज्या गोष्टीत पाऊणकी येते ती खोटी असूच शकत नाही.

खरी गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी, नव्या नवलाईत, रंगरावांनी बायकोला सांगून टाकलं होतं की म्हसोबाचं नाक ओलांडलं तेव्हा आपण खालच्या कप्प्यात होतो, पोटातलं सगळं बाहेर येत होतं आणि डोकं बादलीत होतं. नाकाचा शेंडादेखील पाहिला नाही. सोजराबाईंनी ती बादली सोन्याच्या पुतळीसारखी जपून ठेवली होती. रोज वापरायच्या नाहीत. पण रंगरावांनी भाजीला नावं ठेवली की हळूच काढायच्या. "अवो, बादली आनू का?"

एवढ्यावर रंगराव गुपचूप जेवायचे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. राज्य नवं, जिल्हा परिषद नवी, समित्या नव्या. माणसं तेवढी जुनी. लोणारचे माणिकराव, दीडशे एकरांचे धनी, कुठल्याच समितीत बसले नव्हते म्हणून त्यांच्यासाठी एक सरोवर सुधार समिती काढण्यात आली. माणिकराव अध्यक्ष होताच अभ्यासासाठी मुंबईला गेले, समुद्रावर पांढऱ्या शिडांच्या होड्या पाहिल्या आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तिथलं पाणी खारं. आपल्या तळ्याचं पाणी खारं. मग तिथं होड्या आणि आपल्याकडं नुसती माकडं, हा अन्याय नव्हे तर काय?

एका म्हाताऱ्या शेटनं अडगळीतली यॉट समितीला दान केली. ती जालन्यापर्यंत मालगाडीनं आली आणि पुढं दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून त्यांवर. रस्त्यातल्या गावांनी ती गुळाची काहील समजून उसाची चौकशी केली. सुलतानपुरात बाया हळदीकुंकू घेऊन आल्या. लोणारचं तळं म्हणजे जमिनीला पडलेला अजस्र खळगा; त्याच्या काठावरून बुडापर्यंत गाडी उतरत नाही. तेव्हा पन्नास माणसांनी ती होडी खांद्यावर घेतली आणि झाडीतल्या पायवाटेनं खाली नेली.

"कोनी मोठं गेलं का काय गावात?" पुंजाजीनं विचारलं.

"तोंड सांभाळ बे!" माणिकराव ओरडले. "चंपाषष्ठीले मंत्रीसाहेब येऊन राह्यले. याच होडीत बसून तळ्यातल्या टोकाले वळसा घालनार हायेत."

टोक होतं खरं. काठाकडून पाण्यात शिरलेली काळ्या दगडांची लांब जीभ, वर बाभळीचं रान, आणि तिच्या पलीकडं देवीच्या देवळाची बाजू. या काठावरून त्या काठाला जायचं तर टोक ओलांडायचं.

"मंग हाकनार कोन थे?" पुंजाजी म्हणाला.

सगळ्यांच्या माना एकदम रंगरावांकडं वळल्या. तीस वर्षांत रंगरावांना इतका आदर कधी नकोसा वाटला नव्हता.

त्या रात्री त्यांना भाकर गेली नाही. हाकली तर मंत्र्यासकट बुडणार. नाही म्हटलं तर तीस वर्षांचं नाव बुडणार, आणि ते बुडालं तर पुंजाजीच्या हॉटेलातल्या भिंतीकडेच्या बाकावर उद्यापासून दुसराच कोणी बसणार. दोन्हीपैकी पहिलं बुडणं त्यांना सोपं वाटू लागलं.

"अवो," सोजराबाई म्हणाल्या, "खरं सांगून टाका ना एकडाव."

"खरं सांगाले मी काय येडा हावो?"

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी त्यांना होडीपाशी उभं केलं. "चालवून दाखवा."

रंगरावांनी पाण्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, बोटं मोडली आणि मान हलवली. "आज जमत नाही. भरतीची येळ नाही."

"भरती? तळ्याले?"

"पानी खारं हाये का नाही?"

"हाये."

"मंग खाऱ्या पान्याले भरती राह्यत नाही काऊन? समुद्राले कोनी शिकवली?"

माणिकराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा फुलला. होडी तर कुणीही आणील. पण भरती असलेलं तळं साऱ्या राज्यात दुसऱ्या कोणत्या अध्यक्षाकडं होतं? त्यांनी तिथल्या तिथं समितीचा ठराव केला आणि आपल्या भाच्याला भरती-निरीक्षक नेमलं. भाचा काठावर आंब्याखाली झोपायचा आणि संध्याकाळी मामाला सांगायचा, "आज बी आली. समाधानकारक."

पुंजाजी मात्र खवचट. त्यानं पाण्यात एक खुंटा ठोकला, त्याला चुन्याचा पट्टा ओढला आणि दोन दिवसांनी हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, "रंग्या, पानी पट्ट्याच्या तसूभर वर नाही का खाली नाही. कुटी हाये तुही भरती?"

रंगरावांनी चहा संपवला. "खुंटा कायच्यात ठोकला?"

"तळ्यात."

"तळ्याच्या चिखलात. चिखल कायच्यात? पान्यात. पानी चढलं का चिखल चढते, चिखल चढला का खुंटा चढते. संगं संगं चढले त फरक दिसन काऊन? तू बैलगाडीत बसून बैलगाडी पुढं गेली का नाही थे गाडीच्या दांडीवर मोजून राह्यला."

हॉटेल हसलं. पुंजाजीनं त्या दिवशी चहात साखर कमी घातली, दुसरा उपाय नव्हता.

रंगरावांनी मनात हिशेब मांडला. चंपाषष्ठी म्हणजे षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. मंत्री सकाळी येणार, हार घालणार, भाषण करणार, जेवणार, जाणार. साडेचारपर्यंत थांबणारा मंत्री अजून जन्माला यायचा होता. आपण 'भरती नाही' म्हणायचं आणि सुटायचं. नाव शाबूत, जीव शाबूत.

चंपाषष्ठी उजाडली. मंत्रीसाहेब दुपारी आले. कडक पांढरी खादी, गळ्यात झेंडूचे इतके हार की मान दिसेना. भाषणात ते म्हणाले, "निसर्गानं कोकणाला समुद्र दिला, पण बुलढाणा जिल्ह्याला विसरला नाही. भरती-ओहोटीचं हे अलौकिक तळं मी आज महाराष्ट्राला अर्पण करतो." टाळ्या झाल्या. माकडंसुद्धा क्षणभर खाजवायची थांबली.

"चला," मंत्री म्हणाले, "होडीत."

"साहेब, भरतीले टाइम हाये अजून," रंगराव पुढं झाले.

माणिकरावांनी त्यांचा दंड आवळला. "साहेब आले म्हंजे भरती आलीच समजा. बसा!"

होडी काठाला बांधलेली होती. मंत्री चढले. मंत्री चढले म्हणून माणिकराव चढले. माणिकराव चढले म्हणून समितीचे सातही सभासद चढले. भाचा चढला, हारवाला चढला, फोटोवाला चढला, आणि भोंगा, त्याची बॅटरी आणि ती बॅटरी सांभाळणारा असे तिघे चढले. रंगराव शेपटाशी, सुकाणूचा दांडा धरून. दांडा कुठं असतो एवढं त्यांना नक्की माहीत होतं. लोकांनी होडी लोटली. ती दहा-बारा हात ऐटीत गेली आणि पोटाखालचं लोखंडी पातं चिखलात रुतून गप्प उभी राहिली.

काठावरची गर्दी एक पाऊल पुढं सरकली.

"थांबली का?" मंत्र्यांनी विचारलं.

रंगरावांना तीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली. "ओहोटी हाये, साहेब."

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. तळ्याला ओहोटी कसली, असं विचारायचं तर नुकतंच महाराष्ट्राला काय अर्पण केलं, हा प्रश्न आला असता. "मग भरती कधी?"

"सहा पाऊने साडेचार."

मंत्र्यांचे ओठ हलले. छडी त्यांनीही खाल्ली होती. "बरोबर," ते म्हणाले.

उतरून चालत जायचं म्हटलं तर भोवती मांडीपर्यंत काळा चिखल. कुजक्या अंड्याचा वास आणि साबणासारखा निसरडा. सगळ्या जिल्ह्यादेखत खादीचं धोतर वर खोचून त्या चिखलातून जाणारा मंत्री मंत्री उरत नाही. तेव्हा सगळे बसून राहिले. आणि मग टोकापलीकडून, देवळाच्या बाजूनं, वास आला.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, मग देऊळ देवीचं का असेना, हे सांगायला नको. चातुर्मासापासून ज्यांनी वांग्याला हात लावला नव्हता अशी माणसं तिथं जमली होती. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात होते, वांगी चरचरत होती, लसूण-मिरचीचा ठसका सगळ्या खळग्यात भरला होता. काठावरची गर्दी आधी चुळबुळली, मग पातळ झाली, मग टोकाच्या मागच्या वाटेनं निघून गेली. लोकशाहीवर सगळ्यांची श्रद्धा होती, पण वांगी आधीची.

होडीतल्यांच्या माना देवळाकडं वळल्या. वेळ जाईना म्हणून मंत्री म्हणाले, "समुद्रातलं काही सांगा, सुकाणूवाले."

रंगरावांना दुसरं येतच काय होतं? त्यांनी म्हसोबाचं नाक काढलं. त्या दिवशी ते असं रंगलं की पूर्वी कधी रंगलं नव्हतं. "भरती टोकावर येते थे अशी, जसा पिसाळलेला हेला. लाट डोलकाठीच्या वरून जाते. वजन जास्ती असलं का नाव अशी फिरते, जशी जात्याची पाळू. शेटचे चार दोस्त व्हते. गेले. टोप्या तेवढ्या भेटल्या."

समितीच्या एका सभासदानं टोपी काढून हातात घेतली. "मले पोटात कळ येऊन राह्यली," तो म्हणाला आणि चपला डोक्यावर धरून चिखलात उतरला.

"अन् भरती आली का पाच मिनटात येते," रंगराव पुढं म्हणाले. "मंग उतरता बी येत नाही."

दुसऱ्या सभासदाला घरची म्हैस आठवली. तिसऱ्याला नुसतं दुसऱ्याचं आठवणं पुरलं. भोंगेवाला भोंगा-बॅटरीसकट गेला. फोटोवाला म्हणाला, लांबून फोटो चांगला येतो. हारवाला उरलेले हार घेऊन गेला. भाचा म्हणाला, "मी काठावरून निरीक्षण करतो." शेवटी मंत्री आणि माणिकराव उरले. मंत्री उतरवलेल्या शिडाच्या सावलीत, हारांवर मान टाकून घोरू लागले होते. माणिकरावांचं पोटच दीडशे एकरांचं. त्यांनी झोपलेल्या मंत्र्याला नमस्कार केला. "साहेबायच्या जेवनाची व्यवस्था पाह्यतो," ते कुजबुजले आणि धपकन उतरले.

आणि होडी हलली.

रंगरावांना आधी वाटलं, भुकेनं गरगरतंय. मग होडी पुन्हा डुलली. पाणी मघा फळीच्या ज्या रेघेला लागत होतं, ती रेघ आता हातभर वर आली होती. त्यांनी झोपलेल्या मंत्र्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेचार.

रंगरावांनी दांडा घट्ट धरला. "आली! आयव, खरंच आली!"

डझनभर माणसांचं ओझं उतरल्यावर काय होतं हे त्यांना नंतर सुचलं असतं, पण नंतरला सवड नव्हती. उतरवलेल्या शिडाचा एक सुटा कोपरा वाऱ्यानं फुगला. चिखल सुटला आणि होडी नीट टोकाच्या रोखानं निघाली. काठावर चिटपाखरू नव्हतं. हाक मारायची तर मंत्री जागे होणार, आणि जागे होऊन पाहणार काय, तर सुकाणूवाला रामरक्षा म्हणतोय.

खळग्याच्या कडेवरून वारा उतरत होता आणि होडीला दगडांकडं ढकलत होता. लाटा टोकावर थापा मारत होत्या. चपक, चपक. रंगरावांनी दांडा एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवला; दोन्ही वेळा दगड जवळच आले. डोळ्यांनी काही उमजेना. तेव्हा त्यांनी घाबरून डोळे मिटले.

आणि डोळे मिटताच सगळं ओळखीचं झालं. बादलीत डोकं असताना असंच अंधारं होतं. फळीपलीकडं पाणी असंच थापा मारत होतं आणि वरून तांडेलाचा आवाज येत होता: "थांब... थांब... अजून नको..." मग थापा थांबल्या होत्या. पाण्यानं श्वास धरला होता. आणि तांडेल गरजला होता, "आता!"

रंगराव डोळे मिटून ऐकत बसले. चपक, चपक. थांब. चपक. अजून नको. उन्हं कडेच्या मागं गेली, वारा पडला, लाट थांबली. सगळ्या तळ्यानं श्वास धरला.

"आता!" रंगराव ओरडले आणि त्यांनी सगळ्या अंगानं दांडा ओढला. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी; दोरीनं तळव्याची साल काढली. होडीनं नाक फिरवलं. काळा दगड इतक्या जवळून गेला की त्यावरच्या सरड्यानं मान वळवून पाहिलं. बाभळीतला एक मोर केकाटला. टोक मागं पडलं.

रंगराव उभे राहिले. पाहायला कोणी नव्हतं. एक सरडा, एक मोर, आणि घोरणारा मंत्री.

समोर देवळाची बाजू होती, आणि तिथं पत्रावळींवर अख्खा जिल्हा. कुणीतरी होडी पाहिली आणि हातातला रोडगा तसाच धरून ओरडलं. त्या ओरडण्यानं मंत्री जागे झाले. मंत्री होण्यासाठी लागणारी अक्कल अशीच वेळ पाहून कामाला येते. त्यांनी टोपी सरळ केली, दोन पावलांत शेपटाशी आले, रंगरावांना हळूच बाजूला केलं आणि दांडा हातात घेतला. होडी काठाला लागली. चिखलानं माखलेल्या फोटोवाल्यानं भरताच्याच हातांनी फोटो काढला.

"मित्रांनो," मंत्री भोंग्यातून म्हणाले, "सगळे सोडून गेले. पण मी सुकाणू सोडलं नाही! भरतीची वेळ ओळखली, आणि टोक ओलांडलं." टाळ्या इतक्या पडल्या की खळग्यात बराच वेळ घुमत राहिल्या. सगळ्यात जोरात माणिकराव वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगराव हॉटेलात आले, बाकावर बसले आणि घसा साफ केला. "टोक म्या वलांडलं."

"कोनतं?" पुंजाजी म्हणाला.

"लोनारचं बे! काल!"

पुंजाजीनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "रंग्या, थे त मंत्र्यानं वलांडलं. भोंग्यावर सांगतलं. फोटो हाये. तू जवारीच्या पोत्यावानी बाजूले बसेल व्हता, अख्ख्या गावानं पाह्यला."

"थो झोपेल व्हता!"

"हाव. अन् तू डोये मिटून हाकली असशीन."

"मिटूनच हाकली," रंगराव म्हणाले.

हॉटेल इतकं हसलं की एकाच्या नाकातून चहा आला.

ते उठून घरी गेले. सोजराबाईंनी ताट वाढलं. रंगरावांना घास धरता येईना. त्यांनी नवऱ्याचा हात ओढून उलटा केला आणि सोललेल्या तळव्याकडं बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, हळद-तेल गरम करून आणलं आणि चोळू लागल्या.

"लय उच्चं व्हतं का टोक?" त्यांनी विचारलं.

"नाही वं," रंगराव म्हणाले. "बुटकंच व्हतं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या डोंगराची उंची कमी सांगितली. सोजराबाईंनी मान हलवली. बादलीचं नाव त्या दिवसापासून त्या घरात निघालं नाही.

आठ दिवस रंगराव हॉटेलाकडं फिरकले नाहीत. नवव्या दिवशी पुंजाजीच बोलवायला आला. "चाल ना बे. गिऱ्हाईक बसत नाही. लोनारच्या थापा सोड, थे मुंबईवालं सांग. थे खरं हाये."

रंगराव गेले. बाकावर बसले. फडकं गुंडाळलेल्या हातानं बशी उचलली. ज्याचं सुकाणू त्यांनी तीस वर्षं धरलं होतं, तो तांडेल कुठं कोकणात जिवंत असला तर रोज संध्याकाळी त्याला उचकी लागत असेल, हे त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं. आता त्याच्या उचकीला सोबत होती; लोणारचं टोक मंत्री कुठंतरी सांगतच असणार.

"कोकनाच्या अंगाले एक टोक हाये," त्यांनी सुरुवात केली. "म्हसोबाचं नाक. तांडेल मोठा उस्ताद मानूस. त्यानं दांडा असा धरला..."

"त्यानं?" पुंजाजी म्हणाला. "तू धरला व्हता ना?"

रंगरावांनी सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर, चहा निवत चाललेला.

"हाव," ते म्हणाले, "त्याले चक्कर आली. त्याचं डोस्कं बादलीत. मंग म्याच धरला."